बर्फातून काढलेली बोटं पांढरी का पडतात?

ठाण्याच्या कोपरीत थंडी नावालाच. पौषातल्या पहाटे खाडीवरून वारा सुटला तरी एक शाल पुरते. तरीही "बोटं पांढरीफटक पडतात, टोचलं तरी कळत नाही" ही तक्रार इथे भर मे महिन्यातही होऊ शकते. कारण इथली थंडी हवेत कमी आणि हाताशी जास्त असते. चेंदणी कोळीवाडा आणि कोपरी या खाडीकाठच्या वस्त्या. मासळी विकणाऱ्या बाईचे हात पहाटेपासून बर्फाच्या चुऱ्यात असतात. ठाणे स्थानकात घामाघूम होऊन एसी लोकलमध्ये चढलेल्या मुलीच्या बोटांनाही तसाच अचानक गारठा लागतो.

बोटांचे रंग असे बदलण्याच्या या त्रासाचं पहिलं सविस्तर वर्णन मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये आपल्या प्रबंधात केलं. दवाखान्यात त्याला 'रेनॉड्स' म्हणतात.

आत काय घडतं ते पाहू. गारवा लागला की शरीर आधी हृदय, मेंदू, पोटातले अवयव यांची ऊब राखतं. त्यासाठी मज्जातंतू हातापायांच्या बारीक धमन्यांना आकसायला सांगतात. हे प्रत्येकाच्याच शरीरात होतं. रेनॉड्समध्ये मात्र या धमन्या जरुरीपेक्षा फार जोरात आवळल्या जातात. रक्त अडलं की बोट पांढरं पडतं, आणि बहुधा पांढरा भाग कुठे संपतो ती रेघ स्पष्ट दिसते. अडकून राहिलेल्या रक्तातला प्राणवायू संपत आला की बोट निळसर होतं. ऊब मिळून धमन्या उघडल्या की रक्त धावत येतं, बोट लाल होतं, मुंग्या येतात, ठणका लागतो. ऊब मिळाल्यावर हे सगळं बहुधा पंधरा-वीस मिनिटांत निवळतं. तिन्ही रंग प्रत्येक वेळी दिसतीलच असं नाही. सावळ्या हातावर पांढरेपणा पटकन ओळखू येत नाही, निळा रंग राखाडी वाटतो. म्हणून नखं आणि तळहाताची बाजू पाहावी. नुसत्या मानसिक ताणानेही हा झटका येऊ शकतो, कारण तो निरोपही त्याच मज्जातंतूंवरून जातो.

झटका आला तर आधी बर्फापासून किंवा एसीच्या झोतापासून दूर व्हा. ओले हात कोरडे करा आणि काखेत धरा, किंवा दंडापासून हात गोल फिरवा. कोमट पाणी चालेल, कढत नको. बधीर बोटाला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. म्हणून पाणी आधी कोपराने तपासा. शेगडीवर हात शेकणंही याच कारणाने टाळा.

मात्र खरी राखण झटका येण्याआधीची. मासळी हाताळताना आत सुती हातमोजा आणि वर रबरी घाला. आतला ओला झाला की लगेच बदला, कारण ओलं कापड ऊब शोषून घेतं. बर्फ हाताने उपसण्याऐवजी डाव किंवा छोटं फावडं वापरा. फ्रीजरमधली पिशवी फडक्याने धरा. एसी लोकलमध्ये चढण्याआधीच अंगात पूर्ण बाह्यांचं काहीतरी घाला. छाती-पोट गार पडलं तर हातात मोजे असूनही बोटांच्या धमन्या आकसतात. तंबाखूतलं निकोटिन याच धमन्या आवळतं. विडी-सिगारेट तर सोडावीच, पण दात घासायची मिशरीही तंबाखूच आहे, हे घराघरात सांगायला हवं.

आता महत्त्वाचा भेद. या त्रासाचे दोन प्रकार आहेत. पहिला आपला आपण होतो: बहुधा पंधरा ते तीस वर्षांच्या वयात सुरू होतो, बायकांमध्ये जास्त, दोन्ही हातांना सारखा, आणि बोटांना इजा करत नाही. दुसऱ्याच्या मागे वेगळं कारण असतं. स्क्लेरोडर्मा या कातडी घट्ट होणाऱ्या आजारात जवळजवळ प्रत्येक रुग्णाला रेनॉड्स होतो, आणि तो बरेचदा आजाराच्या इतर खुणांच्या कितीतरी आधी दिसू लागतो. ल्युपस या आजारातही तो आढळतो. वर्षानुवर्षं ब्रेकर किंवा ग्राइंडर चालवून हादरे सोसणाऱ्यांनाही होतो. रक्तदाबाच्या आणि अर्धशिशीच्या काही गोळ्या, चोंदलेलं नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या यांनीही तो वाढतो. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

चाळिशीनंतर पहिल्यांदाच सुरू झाला, एकाच हाताला होतो, बोटाच्या टोकाला जखम झाली, सोबत सांधे दुखतात, कातडी ताठरते, घास अडकतो किंवा धाप लागते, तर थांबू नका. बोट काळं पडू लागलं किंवा ऊब देऊनही रंग परतला नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डॉक्टर नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहतात आणि एएनए ही रक्ततपासणी करवतात. दोन्ही ठीक निघाल्या तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं. त्रास जास्त असेल तर निफेडिपिन किंवा अम्लोडिपिनसारखी धमन्या सैल करणारी गोळी देतात. तिने डोकं दुखू शकतं, पाय सुजू शकतात, रक्तदाब उतरू शकतो. म्हणून ती शेजारणीच्या डबीतून घ्यायची नाही.

एक अडचण नेहमीची. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत हात ऊबदार झालेले असतात आणि दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून झटका चालू असतानाच कुणाला तरी मोबाइलवर दोन्ही हातांचा फोटो काढायला सांगा, नखांकडून आणि तळहाताकडून. किती वाजता झालं, हातात काय होतं, किती वेळ राहिलं, तेही लिहून ठेवा. पांढऱ्या भागाची ती रेघ फोटोत दिसली, तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच झालेलं असतं.