माहिती इस्लामची, आधार कशाचा?

इस्लामविषयी संदर्भलेख लिहिताना आधी विधान कोणत्या जातीचे आहे ते ठरवावे लागते. धर्म काय सांगतो, तो मानणारी माणसे प्रत्यक्षात काय करतात आणि इतिहासात काय घडले, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचे पुरावे वेगळ्या ठिकाणी सापडतात. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांपुरता लेख लिहायचा म्हटला तरी हा फरक पावलोपावली आडवा येतो.

धर्म काय सांगतो, यासाठी कुराण हा मूळ आधार. त्यात 114 सुरा आहेत. त्यातली एकच आयत प्रसंगापासून तोडून तिच्यावर विधान उभे करणे, ही नेहमी होणारी आणि सर्वांत घातक चूक. विनोबा भावे शेजारच्या पेण तालुक्यातील गागोद्याचे. त्यांनी अरबी शिकून ‘कुराण-सार’ सिद्ध केले. विनोबांना कुराणात काय दिसले हे जाणण्यासाठी त्याहून चांगला आधार नाही. पण ती निवड आहे आणि निवडीत काय आले नाही हे सार वाचून कळत नाही. त्यासाठी संपूर्ण अनुवाद, तोही शक्यतो दोन वेगळ्या अनुवादकांचा, समोर असावा.

हदीस, म्हणजे पैगंबरांची वचने व आचरण यांच्या नोंदी; त्यांबाबत तर मुसलमान विद्वानांनीच आधारांची कठोर छाननी केली. पैगंबरांचे निधन 632 मध्ये झाले, तर सर्वांत मान्य संग्रहाचे कर्ते इमाम बुखारी 870 मध्ये वारले. मधल्या काळात एखादे वचन कोणी कोणाकडून ऐकले, याची साखळी तपासून त्याला सहीह (अस्सल), हसन (ग्राह्य) किंवा जईफ (कमकुवत) ठरवले जाई. म्हणून नुसते ‘हदीसमध्ये म्हटले आहे’ असे लिहिणे पुरेसे नाही. संग्रह कोणता आणि त्या वचनाचा दर्जा काय, हे लिहिलेच पाहिजे.

प्रत्यक्ष आचाराकडे वळले की ‘मुसलमान असे करतात’ हे वाक्य डळमळू लागते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, तर देशावरचे बहुतेक सुन्नी हनफी या धर्मकायद्याच्या परंपरेचे. घाटाच्या पायथ्याच्या, रेल्वेने मुंबई-पुण्याला जोडलेल्या या पट्ट्यात दोन्ही परंपरांची माणसे भेटतात. शाफई मताप्रमाणे तिसऱ्या, कालवे असे शिंपले खाण्यास हरकत नाही. हनफी मत पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासे हलाल मानते. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजाची वेळ शाफईंची वस्तूची सावली तिच्याइतकी वाढल्यावर सुरू होते, हनफींची दुपटीने वाढल्यावर. माथेरानची छोटी गाडी 1907 मध्ये सुरू करणारे पीरभॉय कुटुंब दाऊदी बोहरा, म्हणजे शिया-इस्माइली. बोहऱ्यांची दिनदर्शिका गणिताने ठरलेली असते. त्यामुळे ‘चंद्र दिसला की रमजान सुरू होतो’ हे साधे वाक्यही त्यांना लागू पडत नाही. हनफी ग्रंथातला नियम सगळ्यांच्या नावावर मांडला, तर ग्रंथ कितीही प्रमाण असो, लेख चुकतो.

स्थानिक इतिहासासाठी हात पहिल्यांदा गॅझेटियरकडे जातो. तिथे जपून पाऊल टाकावे. कॅम्पबेलने संपादित केलेला कुलाबा (आजचा रायगड) व जंजिऱ्याचा खंड 1883 चा आहे. त्या वेळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते आणि खालापूर कर्जताला जोडलेले होते. म्हणजे या भागातल्या मुसलमानांची माहिती 1882 च्या ठाणे खंडांत शोधावी लागते. कुलाब्याचा खंड चाळून ‘उल्लेख नाही’ म्हणणे हा निव्वळ आळस. खंड हाती आल्यावरही भान हवे. गावांची नावे, बाजार, वस्तीचे आकडे यांसाठी तो मोलाचा. पण एखाद्या समाजाचा ‘स्वभाव’ सांगणारी त्यातली वर्णने साहेबी नजरेची आहेत. ती 1882 मधील सरकारी मत म्हणूनच द्यावीत.

राजकीय लढायांना धर्माच्या इतिहासात ओढू नये. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला कोंडले, तेव्हा त्याच्या सैन्यात माहूरची हिंदू सरदार रायबागनही होती. ही लढाई मोगल-मराठा इतिहासाची. इस्लामच्या नोंदीत तिला जागा नाही.

आधुनिक आधारांपैकी हमीद दलवाईंचे लेखन सुधारणावादी भूमिकेचे, धर्मसंस्थांच्या पुस्तिका श्रद्धेच्या भूमिकेच्या. दोन्ही नावानिशी उद्धृत कराव्यात, तटस्थ माहिती म्हणून वापरू नयेत. मराठी विश्वकोशातून आराखडा मिळतो, आणि वादाचा मुद्दा आला की लायडनहून निघणारा ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ इस्लाम’ पाहावा, शक्यतो त्याची 1960 नंतरची आवृत्ती.

राहिला गावच्या दर्ग्याचा प्रश्न. मुजावर सांगतो ती पीराची कथा अवश्य लिहून घ्यावी. भाविक काय मानतात याचा तोच पुरावा आहे. पीर कोणत्या शतकात आला, हे मात्र शिलालेख, इनामाची सनद किंवा पुण्याच्या पेशवे दफ्तरातला कागद यांवरूनच ठरते. त्यांपैकी काहीच हाती नसेल, तर लेखात काळ लिहू नये.