किरणांना दृष्टी

राँटजेनला १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण गवसले आणि पुढच्याच वर्षी कर्करोगावर त्यांचा प्रयोग सुरू झाला. किरण हाती आले खरे. गाठ नेमकी दिसू लागायला मात्र पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला. शिवाय शरीर स्थिर नसते. मूत्राशय भरते, रिते होते. गाठ आठवड्यागणिक आक्रसते. पहिल्या दिवशीच्या आराखड्यावर अखेरपर्यंत विसंबणे म्हणजे भरतीच्या खुणांवरून ओहोटीत होडी हाकणे होय.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात याचे प्रत्यंतर विशेष येते. आतून किरण देण्याचे उपकरण बसविल्यावर एमआरआय चित्र घ्यायचे आणि उरलेल्या गाठीबरहुकूम मात्रा नव्याने आखायची, ही पद्धत व्हिएन्नासारख्या केंद्रांत रुजली. तिच्या आंतरराष्ट्रीय कसोटीत मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १,३०० हून अधिक स्त्रियांमध्ये पाच वर्षांचे स्थानिक रोगनियंत्रण ९२ टक्के आढळले.

एमआरआयची रांग लांब आणि तज्ज्ञ मोजके, ही अडचण आम्हांस मान्य आहे. तथापि दर वेळी निदान सीटी चित्र तरी घेतले जाणार काय, हे नातलगांनी डॉक्टरांस निःसंकोच विचारावे.