कळमन्यात बाहेरचे कोण?

पहाटे कळमना बाजारात शिरले की संत्र्यांचा लिलाव नागपुरी मराठीत चाललेला असतो, पोती उचलणाऱ्या हमालांच्या गप्पांत छत्तीसगढी मिसळलेली असते आणि ट्रकवाल्यांचा हिशेब हिंदीत होतो. एवढे ऐकून पूर्व नागपुरात अनेक जण ठरवून टाकतात की बाहेरच्यांनी वस्ती भरली आणि मूळचे लोक मागे पडले. हा निष्कर्ष फक्त कानांवर विसंबलेला आहे, आणि कान इथे सहज फसतो.

जनगणनेच्या तक्त्यात ‘हिंदी’ या एकाच नावाखाली पन्नासहून अधिक मातृभाषा मोजल्या जातात. छत्तीसगढी त्यात आहेच, पण पोवारी आणि बंजारीही आहेत. पोवारी ही गोंदिया, भंडारा आणि बालाघाट पट्ट्यातली बोली. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विदर्भात राहिलेले गोंदियाचे घरही कागदावर ‘हिंदी भाषक’ ठरते.

छत्तीसगढी बोलणाऱ्यांना परके म्हणणे तर इतिहासालाच धरून नाही. १७४१ च्या स्वारीनंतर छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली. कळमना स्टेशन त्याच, आता हावड्याकडे जाणाऱ्या, मार्गावर आहे. दुर्गचा किंवा बालाघाटचा मजूर तेव्हा आपल्याच प्रांताच्या राजधानीत कामाला येत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची सीमा बदलली आणि तोच मजूर परप्रांतीय झाला. माणूस जुन्याच वाटेने येत राहिला, हलली ती सीमा. पहाटेपासून या शहराचे धान्य पाठीवर वाहणाऱ्याला ‘परप्रांतीय’ हा शब्द चिकटवणे अन्यायाचे आहे.

‘स्थलांतरित’ या शब्दाचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक लोक स्थलांतरित ठरले. त्यांतले परराज्यातून आलेले साधारण साडेपाच कोटी. स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न! मौद्याहून लग्न होऊन कळमन्यात आलेली सूनही या हिशेबात स्थलांतरितच असते.

शहर बेसुमार फुगले, असेही सांगतात. महापालिका हद्दीची लोकसंख्या २००१ मध्ये २०.५२ लाख होती, २०११ मध्ये २४.०६ लाख झाली. वाढ सुमारे १७ टक्के, आणि त्याआधीच्या दशकापेक्षा वेग कमीच.

उत्पन्नाबाबतचा गैरसमज अधिक हट्टी आहे. लेआउटमध्ये स्लॅबची घरे उठली की पैसेवाले आले आणि गरीब गेले, असे मानले जाते. जनगणना मात्र उत्पन्न विचारतच नाही. छप्पर, नळ, दुचाकी अशा गोष्टी नोंदवते. नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ लेआउट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत वसाहती आहेत. नागपूर सुधार प्रन्यासचे आरएल, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, हाती पडले की बांधकामाचा नकाशा आणि बँकेचे कर्ज यांचा मार्ग सुकर होतो. मग टिनाच्या जागी स्लॅब येतो, वर एक खोली चढते, ती किरायाने जाते. घर बदलते, पण राहणारे कुटुंब तेच असू शकते.

वस्तीत कोणता समाज वाढला, हेही जनगणनेतून सहज कळत नाही. अमेरिकेत जनगणना वंश विचारते, त्यामुळे मोहल्ल्यात कोण वाढले आणि कोण घटले ते सांगता येते. आपल्याकडे वंशाची नोंद नाही, आणि सर्व जातींची शेवटची पूर्ण आकडेवारी १९३१ ची. त्यानंतर अनुसूचित जाती, जमाती आणि धर्म एवढेच. नागपुरात यातही एक खोच आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे एकच माणूस दोन्ही रकान्यांत येऊ शकतो. २०११ मध्ये शहरात बौद्ध सुमारे साडेपंधरा टक्के होते. दोन्ही रकान्यांची बेरीज करणारा वस्तीचे चित्रच चुकवतो.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आगामी जनगणना जातींसह होणार असून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर कळमन्याविषयी जनगणनेचा म्हणून जो आकडा पुढे केला जाईल तो २०११ चा असेल. तेव्हा मेट्रो पूर्व नागपुरातल्या प्रजापतीनगरपर्यंत पोहोचायला अजून अकरा वर्षे होती.