विक्रीचे टार्गेट आणि नोकरदार माणूस

बँकेच्या काउंटरवर आमची उमेदीची वर्षे गेली. पूर्वी संध्याकाळी साहेब विचारीत, "कॅश जुळली का?" आता त्याबरोबर "विमा किती झाला?" हाही प्रश्न येतो. विक्रीचा हा तगादा माणसाला कुठवर नेतो, हे अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

एकेका ग्राहकाला खाती, कार्डे, कर्जे मिळून आठ सेवा विकाव्यात, असे तेथील उद्दिष्ट होते. शाखांचे आकडे रोज तपासले जात. टार्गेट अपुरे राहिले की कर्मचारी वेळेनंतर थांबत, नातेवाइकांच्या नावे खाती उघडत. पुढे अनेकांनी ग्राहकांना न विचारताच खाती उघडली. २०१६ साली सरकारी यंत्रणांनी बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड ठोठावला. पण त्याआधीच्या पाच वर्षांत सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून गेले होते. बँकेच्या प्रमुखांनी पद सोडले ते दंडानंतर. टार्गेट वरून आले. नोकरी आधी गेली ती बहुतांशी खालच्यांची.

विद्यार्थी मित्रांनो, विक्रीचे काम कमी प्रतीचे नाही. परंतु कोऱ्या फॉर्मवर ग्राहकाची सही घेऊ नका. गैरवाजवी सूचना तोंडी आली तर ती लेखी मागा. एकट्याने बोलणे जड जात असेल तर सहकाऱ्यांना, युनियनला सोबत घ्या. घर आपल्या पगारावर चालते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच सांगतो, चौकशी होते तेव्हा कागदावर आपलीच सही असते.