बँडसाठी मिक्सर घेताना
आधी चॅनेल मोजा. एकट्या ड्रमसेटलाच सहा-सात माइक लागतात. त्यात बेस, गिटार, ढोलकी, गायक आणि स्टिरिओ कीबोर्डचे दोन धरले की सोळा चॅनेल बघता बघता संपतात. पण खरी अडचण येते ती ऑक्सची, म्हणजे मॉनिटरला वेगळा मिक्स पाठवणाऱ्या आउटपुटची. गायकाला मॉनिटरमध्ये स्वतःचा आवाज हवा असतो, ड्रमरला बेस. अशा प्रत्येक वेगळ्या मिक्ससाठी स्वतंत्र ऑक्स लागतो, आणि तो प्री-फेडरच, म्हणजे चॅनेलचा फेडर हलवला तरी न बदलणारा हवा. पोस्ट-फेडर असला, तर श्रोत्यांसाठी गायकाचा फेडर वर सरकवताच मॉनिटरही चढतो आणि शिट्टी सुरू होते. छोट्या ॲनालॉग मिक्सरवर असे ऑक्स बहुधा एक-दोनच असतात. बेहरिंगर एक्स32 सारख्या डिजिटल मिक्सरवर 32 माइक इनपुट आणि ऑक्स म्हणून वापरता येणाऱ्या 16 मिक्स बस मिळतात. ऑक्स अपुरे असतील, तर चॅनेल कितीही असोत, तो मिक्सर घेऊ नका.