समुद्र नसलेल्या देशातून नाथसागरावर

पौषातल्या पहाटे बिडकीन मागे टाकून पैठणच्या रस्त्याला लागलं की आधी थंडी झोंबते आणि मग वरून आवाज येतो. नाकातून काढल्यासारखा, आँग... आँग... मान वर करावी तर पंचवीस-तीस पक्ष्यांची तिरकी रांग हरभऱ्याच्या रानावरून नाथसागराकडे चाललेली असते. हे पट्टकादंब. राखाडी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागे काजळाच्या बोटांनी ओढाव्यात तशा दोन काळ्या आडव्या रेघा.

यांची वीण होते ती मंगोलियापासून तिबेट-लडाखपर्यंतच्या उंच, कोरड्या मुलखातल्या तळ्यांवर. मंगोलिया म्हणजे डोंगर, गवताळ माळ आणि गोबीचं वाळवंट. बोटभरही समुद्रकिनारा नाही आणि पाऊस आपल्या मराठवाड्याहूनही कितीतरी कमी. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. पिसांच्या दुलईत थंडी एक वेळ सोसेल, पण तळं गोठलं आणि गवत बर्फाखाली गेलं, तर चरायचं काय? म्हणून दक्षिणेची वाट धरायची. आणि त्या वाटेवर हिमालय उभा.

मंगोलियातल्या आणि भारतातल्या पट्टकादंबांच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी उपग्रहाला ठिकाण कळवणारी छोटी यंत्रं बसवली, तेव्हा या प्रवासाची खरी नोंद हाती आली. एका पक्ष्याने तब्बल 7,290 मीटरची उंची गाठली होती. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी. आपल्याला तिथे चार पावलं टाकताना धाप लागेल; हा दोन-अडीच किलोचा पक्षी मात्र पंख मारत राहतो. घारीसारखं वाऱ्यावर तरंगणं त्याच्या वाट्याला नाही.

हे जमतं कसं? पक्ष्यांच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहते, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा ताजी हवा मिळते. पट्टकादंबाची फुप्फुसं त्याच्या भाऊबंदांपेक्षा मोठी आहेत. त्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये जरासा बदल झाला आहे, त्यामुळे विरळ हवेतलाही प्राणवायू ते घट्ट धरून ठेवतं. उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळंही अधिक दाट.

पण नुसत्या ताकदीवर हिमालय ओलांडता येत नाही, अक्कलही लागते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की हा पक्षी एकदा वर चढून तिथेच राहत नाही. डोंगर चढला की तो चढतो, दरी आली की खाली उतरतो. कमावलेली उंची अशी सोडून देणं आपल्याला तोट्याचं वाटेल. पण खालच्या दाट हवेत पंख मारायला इतके कमी कष्ट पडतात, की पुन्हा चढूनही हिशेब फायद्याचा राहतो. आपले जुने घाटरस्ते पायी तुडवणाऱ्यांना हे शहाणपण सहज पटेल.

एवढा डोंगर ओलांडून तो आपल्याच दारी का येतो, याचं उत्तर नाथसागराच्या आकारात आहे. नाथसागर म्हणजे गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. धरणाची पायाभरणी 1965 ची, लोकार्पण 1976 चं. साठा सुमारे 102 टीएमसी, जवळपास कोयनेएवढाच. पण कोयनेचं पाणी डोंगरांच्या कुशीत खोल उभं राहतं, आपलं मात्र सपाट रानावर परातीतल्यासारखं पसरतं. भरलेल्या धरणाचा पसारा साधारण 350 चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी खोली जेमतेम आठ-नऊ मीटर. अशा पाण्याची वाफ फार होते, आणि दुष्काळी मुलखाला ती जिवावर येते. पण तीच उथळ परात पक्ष्यांसाठी भरलेलं ताट आहे. पाणी हटत जातं तशी ओली गाळपेर जमीन उघडी पडते. तिच्यावर कोवळं गवत उगवतं, कुणी हरभरा, कुणी गहू पेरतं. 1986 मध्ये हा सगळा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

सोनेवाडी किंवा पिंपळवाडीच्या बाजूला सूर्य उगवायच्या आत जाऊन गप बसावं. दुर्बिणीत दिसतं, सगळा थवा माना घालून चरतोय आणि एक-दोघांच्या माना मात्र ताठ. ते राखणदार. आपण दोन पावलं पुढे सरकलो की त्या माना वळतात, चरणारे थबकतात. तिसऱ्या पावलाला थवा उठतो. ते तिसरं पाऊल टाकू नये. पलीकडे पाण्यावर काळेभोर, पांढऱ्या कपाळाचे पक्षी दाटीवाटीने पोहत असतात. त्यांचं मराठी नाव वारकरी. संत एकनाथांच्या पैठणला ते शोभून दिसतं.

मार्चच्या सुमारास एखाद्या संध्याकाळी रांगा उत्तरेकडे वळतात. आता पुन्हा हिमालय. या वाटेच्या पहिल्या टप्प्यात त्यांच्या अंगातली जी चरबी जळते, ती गोदाकाठच्या गवताची, आपल्या गाळपेरीतल्या कोवळ्या पाल्याची. ना त्यांच्या देशाला समुद्र, ना आपल्या मराठवाड्याला. दोघांच्या मधला सागर एकच, आणि त्याला आपण नाथांचं नाव दिलं आहे.