बुडवलेली मजुरी मागायची कुठं?

जानेफळ हे मेहकर तालुक्यातलं मोठं गाव. गावात पोलीस ठाणं आहे, म्हणून ठेकेदारानं पैसे टांगले की माणसाचे पाय आधी तिकडं वळतात. कुठल्याही ठाण्यात याला बहुधा एकच उत्तर मिळतं: हा देण्याघेण्याचा मामला आहे, दिवाणी आहे. मग दोन-चार चकरा मुकादमाच्या घरी होतात, सरपंचाच्या कानावर गोष्ट जाते, आणि शेवटी पैसे बुडीत खात्यात. खरं तर बुडालेल्या मजुरीसाठी कायद्यानं एक स्वतंत्र दार ठेवलं आहे. आपल्या भागासाठी ते बुलढाण्याला आहे, सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात.

हे दार कुणी दयेनं उघडलेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत महिनाभर राबूनही पगार पुढचा महिना उलटेपर्यंत अडकलेला असे, आणि तोवर घर चालायचं ते मारवाड्याच्या, पठाणाच्या कर्जावर. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. लोखंडे म्हटलं की रविवारची सुटी आठवते. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, की केलेल्या कामाचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. ही मागणी कायद्यात उतरायला अर्धशतक लागलं. वेतन प्रदान अधिनियम १९३६ साली आला. त्यानं पगाराची तारीख बांधली आणि दंडाच्या नावाखाली होणारी लूटही बांधली: रुपयामागं अर्ध्या आण्यापेक्षा जास्त दंड कापता येणार नाही. पुढे १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला. त्याचं विधेयक १९४६ मध्ये मांडलं गेलं, तेव्हा केंद्रात कामगार खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं.

हे दोन्ही कायदे आता वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नवी घडी बसेपर्यंत जुने नियम आणि जुनी यंत्रणा चालू राहील असं सरकारनं सांगितलं आहे, त्यामुळे जायचं ठिकाण बदललेलं नाही. हिशेब असा, की रोजंदारीवाल्याला पाळी संपताना, आठवड्यावाल्याला आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिनेवाल्याला पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पैसे मिळाले पाहिजेत. कामावरून काढलं किंवा स्वतः काम सोडलं, तर दोन कामाच्या दिवसांत सगळा हिशेब चुकता झाला पाहिजे.

तसं झालं नाही, तर दावा करता येतो. साध्या कागदावर, मराठीत, कुठं काम केलं, कुणासाठी केलं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, रोज काय ठरला होता, किती मिळाले आणि किती राहिले, एवढं लिहून अर्ज कामगार अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यायची. पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. अर्जाची वाट अधिकाऱ्यापासून सुरू होते. मालक ऐकत नसेल तर प्रकरण दावा ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्यापुढे जातं. त्यानं शक्यतो तीन महिन्यांत निकाल द्यावा असं संहिता सांगते. मजुरीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे. मालकानं तरीही पैसे दिले नाहीत, तर ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हा प्रशासनामार्फत वसूल होते. सारा थकला की काय होतं, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

या कायद्यातलं सर्वांत मोलाचं कलम मला ५९ वे वाटतं. मजुरी मिळाली नाही असा दावा आला, तर ती दिली हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. मजुराला वाटत असतं, आपल्याजवळ कागद नाही, आपलं कोण ऐकणार? कागद ठेवायचा होता तो मालकानं. तरीही कामावर होतो एवढं दिसायला हवं, आणि त्याच्या खुणा बहुतेकांजवळ असतात: वहीत मांडलेली हजेरी, मुकादमाचे व्हॉट्सअॅपवरचे निरोप, साइटवरचा फोटो, फोन-पेवर आलेली उचल, सोबतच्या माणसांची साक्ष. ठेकेदार पळाला तरी दावा मरत नाही. ज्याच्या आस्थापनेत काम झालं, त्या मूळ मालकावर देण्याची जबाबदारी येते. आणि एकाच मालकाकडे दहा जणांचे पैसे अडकले असतील, तर दहांचा मिळून एकच अर्ज चालतो. कामगार संघटनाही तो करू शकते. एकट्या बाईला मुकादम दमात घेऊ शकतो, दहा जणींना घेणं त्याला जड जातं.

मुदत तीन वर्षांची आहे. किमान वेतनाच्या दाव्याला पूर्वी सहाच महिने मिळत. म्हणजे मागच्या हंगामातले पैसे गेले असं धरून बसलेल्यांनाही अजून वेळ आहे.

शेतातल्या मजुरीचं मात्र दुखणं वेगळं. निंदण, सोयाबीनची सोंगणी, कापसाची वेचणी, सगळं तोंडी ठरतं. सालदाराचं साल पाडव्याला ठरतं, तेही चार माणसांसमोर, कागदावर नाही. संहितेनंही शेतीसाठी पाचपर्यंत माणसं लावणाऱ्याला नोंदवहीतून सूट दिली आहे. अधिकाऱ्यानं मागितलं तर मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा मात्र त्याला दाखवावा लागतो. ही सूट मला पटत नाही. ज्या मजुराजवळ आधीच काही नाही, त्याच्याच बाबतीत मालकाला कागदातून मोकळं केलं आहे. म्हणून शेतमजुरानं आपली वही आपणच ठेवायला हवी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकरानं रोज एक ओळ लिहावी.

मजुरी सरकारकडेच अडकली तर? रोजगार हमीत मस्टर बंद झाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे खात्यात यायला हवेत. सोळाव्या दिवसापासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला थकलेल्या रकमेच्या ०.०५ टक्के भरपाई, असा मनरेगाचा नियम. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं सहा दिवसांची मजुरी होते १,८७२ रुपये; तिच्यावरची भरपाई दिवसाला सुमारे ९४ पैसे. या योजनेच्या जागी संसदेनं डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला, पण मजुराच्या वेळेचं मोल ९४ पैसे धरणारा हिशेब ज्या राज्यानं देशाला रोजगार हमी दिली तिथं तरी लाजिरवाणा आहे.

यंत्रणा अडते ती कायद्यामुळे नाही, अंतरामुळे. बुलढाण्याला एक खेप म्हणजे एक रोज बुडाला आणि वर गाडीभाडं. पुणे-मुंबईच्या साइटवर काम केलेल्याची तर आणखी परवड, कारण दावा साधारणपणे काम झालं तिथल्या अधिकाऱ्याकडे करावा लागतो. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला उचल घेऊन गेलेल्या जोडप्याला ती फिटली नाही म्हणून अडकवून ठेवलं, तर ती नुसती मजुरीची तक्रार राहत नाही. तिथं १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा लागतो, आणि ती तक्रार थेट जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायची असते.

वकिलाच्या खर्चाला भिऊन कुणी थांबू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींची माणसं आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी १५१०० हा फोन क्रमांक आहे.

जानेफळच्या आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना एक विनंती. घरकुलाच्या आणि पाणीपट्टीच्या याद्या जिथं लावता, तिथंच सरकारी कामगार अधिकाऱ्याचा पत्ता, हा फोन क्रमांक आणि अर्जाचा एक नमुना मोठ्या अक्षरांत लावा. खर्च एका फलकाचा आहे, आणि तो सोंगणी सुरू व्हायच्या आधी लागला पाहिजे.